पांढरी सोडताना : भूकंपानंतरची घरं आणि आपलं वसणं



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानं मला विचारलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. घरबांधणीवर तुम्ही काय बोलणार? तो तर इंजिनिअरचा विषय.’ त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. भिंत किती जाड असावी, लोखंड किती घालावं, हे इंजिनिअरनंच सांगायचं. पण घर कशासाठी असतं, ते कुणासाठी बांधायचं आणि कसं असावं हे कुणी ठरवायचं, हे प्रश्न इंजिनिअरच्या वहीत नसतात. आणि आपल्या जिल्ह्याला हे प्रश्न पुस्तकातून पडलेले नाहीत. ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडले.

इथं बसलेल्या तरुण मंडळींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून थोडं सांगतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हे. तरी आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

आता पहिला प्रश्न. ही माणसं कशानं गेली? भूकंपानं, असं आपण म्हणतो. पण जमीन हलली म्हणून कुणी मरत नाही. माणूस मेला तो घराखाली. ज्यानं ऊन-पावसापासून राखायचं, त्यानंच मारलं. पुढं तीस वर्षं आपण घराविषयी जे जे निर्णय घेतले, ते सगळे या धक्क्यातून घेतले. त्यातले काही बरोबर होते, काही घाईचे होते. घाईचे कुठले, हे बघायचं असेल तर आपलं जुनं घर आधी समजून घ्यावं लागेल.

काळी आणि पांढरी

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग आहेत. पिकते ती काळी, आणि माणसं वसतात ती पांढरी. हे शब्द जुन्या कागदपत्रांत आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. पांढरी ही नुसती जागा नव्हे, ती माती आहे. शेकडो वर्षं माणसं एका ठिकाणी राहिली, घरं बांधली, ती पडली, त्यांच्याच मातीवर पुन्हा बांधली. राख, शेण, चुना मिसळत गेला. त्यातून ती माती तयार झाली. गावातल्या गढीची माती सगळ्यांत चांगली समजली जायची.

या मातीचा गुण असा की ती काळीसारखी फुगत नाही आणि भेगाळत नाही. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ती उत्तम, पायाला वाईट. म्हणून जुन्या माणसांनी काळीवर पेरलं आणि पांढरीवर घर बांधलं. पांढरी माती छतावर घातली की पाणी सहसा खाली झिरपत नसे. आपलं माळवद उभं राहिलं ते या मातीच्या जोरावर.

माळवदाची रचना साधी आहे. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर पाट किंवा काटक्या आणि पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घर किती मोठं, हे चौरस फुटांत सांगत नव्हते. पाच खणांचं, सात खणांचं घर असं म्हणत. बाहेरच्या भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या, दीड-दोन हात जाड. आत ओसरी, माजघर, देवघर, धान्याचं बळद. मध्ये किंवा पुढं अंगण. उजेडाला आणि चुलीच्या धुराला माळवदात एक झरोका.

हे घर आपल्या उन्हाळ्याशी कसं वागत होतं ते बघा. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री बराच खाली येतो. हवा कोरडी. अशा हवेत जाड माती-दगड फार कामाचे. दुपारची उष्णता जाड भिंतीतून नि माळवदातून आत पोचायला आठ-दहा तास तरी लागतात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन आत पोचतं तेव्हा मध्यरात्र झालेली असते, बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि माणसं माळवदावर नाहीतर अंगणात झोपलेली असतात. चार-पाच इंची सिमेंटच्या स्लॅबला हाच प्रवास करायला दोन-तीन तास पुरतात. दुपारी तापलेला स्लॅब संध्याकाळपासून घरात ऊन ओततो, ते रात्रभर. पत्र्याला तर काही मिनिटंच लागतात.

आज ज्याला टिकाऊ, निसर्गाशी जुळतं घर म्हणतात, ते आपल्याकडं होतं. सामान गावातलं, कारागीर गावातला, घर मोडलं तरी लाकूड-दगड पुन्हा वापरात येणार, माती मातीत जाणार.

मग ते पडलं का?

इथं मला जुन्याची आरती करून थांबता येणार नाही. ते घर पडलं, आणि त्यानं माणसं मारली. का मारली, त्याची तीन कारणं भूकंपानंतरच्या पाहणीत स्पष्ट झाली.

पहिलं कारण भिंत. बाहेरून ती दोन-अडीच फूट जाड दिसायची, पण आतून त्या दोन भिंती होत्या. एक बाहेरची दगडांची रांग, एक आतली, आणि मध्ये बारीक दगड-मातीची भर. या दोन रांगांना बांधून ठेवतो तो भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड. चांगला गवंडी असे दगड ठराविक अंतरावर घालायचा. नंतर मजुरी महागली, घडीव दगड महागला, कसबी माणसं कमी झाली आणि आरपार दगड घालणं सुटत गेलं. जमीन हलल्यावर दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि भिंत पोट फुटल्यासारखी फुगून कोसळली.

दुसरं कारण छताचं वजन. दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर द्यायची पद्धत. जुना थर काढायला हवा, पण तो कुणी काढत नसे. थरावर थर चढत गेले आणि कुठं कुठं ही माती दोन फुटांच्या वर गेली. हिशेब करून बघा. एक घनफूट माती अठ्ठेचाळीस-पन्नास किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे २०० घनफूट, साडेनऊ-दहा टन. एक भरलेला मालट्रक डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो.

तिसरं कारण जोड. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत गुंतलेल्या नाहीत, घराला सगळीकडून धरून ठेवणारा पट्टा नाही, आणि जिथं लाकूड वाचवायला तुळया थेट भिंतीवर टेकवल्या, तिथं भिंतीबरोबर छतही खाली आलं. उलट जिथं सगळं माळवद खांबांवर होतं, तिथं अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि त्याखालची माणसं जगली. गावाबाहेर कुडाच्या भिंती आणि गवताच्या छपराखाली राहणारी गरीब माणसंही पुष्कळ वाचली. गरिबी त्या एका पहाटे कामी आली म्हणायची.

ही तिन्ही कारणं नीट पाहिली तर दोष दगडाचा नव्हता आणि मातीचाही नव्हता. दगड कसा रचला, माती किती चढवली, जोड कुठं सुटला, यात दोष होता. म्हणजे ज्ञान होतं, ते क्षीण होत गेलं होतं. आपल्या भागात मोठा भूकंप होत नाही, अशी सगळ्यांचीच समजूत होती. सरकारी नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या विभागात गेला.

पण त्या पहाटेनंतर लोकांच्या मनात एकच वाक्य बसलं : दगड-मातीनं मारलं.

इथं एक घरची गोष्ट सांगतो. आमचं घर तुळजापूर तालुक्यात, माळवदाचं, नऊ खणांचं. भूकंपात ते पडलं नाही. एका भिंतीला चीर गेली. पण झोप उडाली. पुढच्या उन्हाळ्यात मी माळवद उतरवायचं ठरवलं. आई म्हणाली, ‘माती कमी करा, लाकूड राहू द्या. लाकडानं काय केलंय तुमचं?’ मी तिचं ऐकलं नाही. मी शिकलेला, ती दुसरी पास. खांब-तुळया मिळेल त्या भावात विकल्या आणि वर पत्रे टाकले. त्यानंतरचे सगळे उन्हाळे आईनं दुपारी शेजाऱ्यांच्या माळवदाखाली काढले. माझ्याशी ती यावर एक शब्द बोलली नाही. काही वर्षांनी भूकंपरोधक दुरुस्तीची एक पुस्तिका माझ्या वाचनात आली. त्यात लिहिलं होतं : माळवदाची माती कमी करून वजन उतरवा, खांब-तुळयांचे जोड तिरक्या लाकडांनी आवळा, भिंतीत आरपार बांध घाला. त्यातली पहिली दोन कलमं आईनं सांगितलीच होती. ती पुस्तिका मी तिला दाखवायची राहून गेली.

पुनर्वसन : दोन वाटा

भूकंपानंतर राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम हाती घेतला. १९९४ ला तो सुरू झाला आणि १९९८ पर्यंत चालला. त्यात ठळकपणे दोन वाटा दिसतात.

पहिली वाट सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. सुमारे २८ हजार घरं. सरकार आणि देशभरातल्या देणगीदार संस्थांनी ती बांधली. कमी वेळात एवढं काम उभं करणं सोपं नव्हतं, आणि उघड्यावर आलेल्या माणसांना पक्कं छप्पर मिळालं, हे आधी मान्य करायला हवं. आज त्या घरात झोपणाऱ्याला भूकंपाची भीती पूर्वीसारखी वाटत नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

पण घरं ठरली कशी? जमिनीच्या मालकीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्यावर जमीन असलेल्यांना ७५०. पुष्कळ ठिकाणी गावाचा आराखडा चौकटीच्या वहीसारखा झाला. सरळ रुंद रस्ते, एका रेषेत घरं. काँक्रीटच्या किंवा पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंती, वर स्लॅब. जुनं गाव दाट होतं. नवं गाव त्याच्या कितीतरी पट पसरलं. आणि एवढी सलग जागा मिळणार कुठं? शेतात. म्हणजे गाव पांढरीवरून उठलं आणि काळीवर गेलं. पाया मुरमापर्यंत नीट नेला नाही, तर काळीवरच्या घराला चिरा जातात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

या घरांत माणसं राहायला गेल्यावर काय झालं? आधी बायकांची अडचण झाली. जुन्या घरात रस्ता, मग ढेळज, मग अंगण, मग ओसरी, मग माजघर, असं पायरीपायरीनं आत जाणं होतं. आलेल्या माणसाला कुठपर्यंत येऊ द्यायचं, हे घरच ठरवायचं. नव्या घराचं दार उघडलं की रस्त्यावरून थेट चुलीपर्यंत नजर जाते. मग दाराला पडदा आला, पुढं पत्र्याची पडवी आली, बाजूला आडोशाची न्हाणी आली. बैल कुठं बांधायचे? सरपण कुठं, कडबा कुठं? ज्वारीच्या पोत्यांनी एक खोली भरली की राहिलेल्या एका खोलीत सगळं घर.

लोकांनी आपापल्या परीनं उत्तरं काढली. स्लॅबच्या घरापुढं छप्पर टाकलं, आवाराला भिंत घातली, मागं स्वयंपाकाला खोली काढली. आणि बघा, या वाढीव भिंती कितीतरी ठिकाणी पुन्हा दगड-मातीच्याच, आरपार दगडाशिवायच्या. म्हणजे सुरक्षित घर सरकारनं दिलं, जगण्याला लागणारं घर लोकांनी स्वतः जोडलं आणि त्या जोडलेल्या भागात जुना धोका परत आला. घराच्या नकाशात जगणं बसलं नाही, की ते नकाशाबाहेर, असुरक्षित जागी जाऊन बसतं. माझ्या आजच्या बोलण्यातलं हेच मुख्य सूत्र आहे. सुरक्षितता आणि संस्कृती या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. दुसरी डावलली की पहिलीही टिकत नाही.

आता दुसरी वाट. तिच्याबद्दल कमी बोललं जातं. जिथं घरं पडली नव्हती पण कमजोर झाली होती, तिथं सरकारनं पैसे आणि सामान लोकांच्या हाती दिलं आणि आपलं घर जागेवरच दुरुस्त करा, मजबूत करा असं सांगितलं. १३ जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरं या वाटेनं गेली. या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. दाराचा आणि खिडकीचा वरचा पट्टा कशासाठी, सिमेंटवर पाणी किती दिवस मारायचं, गवंडी कुठं चुकारपणा करतो, हे त्या शिकल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. तोवर बांधकामाच्या जागी बाईचं काम म्हणजे डोक्यावर पाटी. आता ती गवंड्याला प्रश्न विचारू लागली. घराचा सगळ्यांत जास्त वापर जिचा, तिला घराविषयी पहिल्यांदा कुणी विचारलं. कार्यक्रम संपल्यावर यातल्या अनेक जणी बचत गटांत, ग्रामपंचायतींत पुढं आल्या.

या वाटेवरही गोंधळ होते. भीतीपोटी लोकांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी बाजूला एक सिमेंटची खोली बांधणंच पसंत केलं. पण निर्णय त्यांचा होता, आणि तो घेताना घराविषयीचं ज्ञान गावात आलं. पहिल्या वाटेनं घर आलं, ज्ञान ठेकेदाराबरोबर परत गेलं.

त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियात

हा पेच आपल्या एकट्याचा आहे असं समजू नका. आपल्याकडं पुनर्वसनाचे नकाशे चालू होते त्याच काळात, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला यिरकला नावाच्या वस्तीत एक घर पूर्ण होत होतं. साल १९९४. तिथल्या योल्ङू या आदिवासी समाजातल्या एका कलावंत बाईसाठी आणि तिच्या कुटुंबासाठी ग्लेन मर्कट या वास्तुविशारदानं ते बांधलं. याच मर्कटना पुढं २००२ साली प्रित्झकर पारितोषिक मिळालं.

तोवर सरकार आदिवासींना जी घरं देत होतं, ती सिमेंट ब्लॉकच्या बंद पेट्या. दमट, उष्ण प्रदेशात त्या भट्टीसारख्या तापत. मर्कटनी आधी त्या कुटुंबाकडून, तिथल्या लोकांकडून शिकून घेतलं. बाहेर कोण येतंय हे आतून दिसलं पाहिजे, पण आतलं बाहेरून दिसू नये. काही नात्यांत समोरासमोर येणं टाळायचं असतं, त्याला वाट हवी. आपल्याकडं सासऱ्यासमोर सून येत नसे, ते आठवा. मग घर असं झालं : जमिनीपासून उचललेलं, काचेची एकही खिडकी नाही, भिंतींच्या जागी उघडता-मिटता येणाऱ्या लाकडी झडपा, वर पत्र्याचं पुढं आलेलं मोठं छप्पर, आणि वादळात आतला दाब निघून जायला छतावर फिरती धुराडी. भाग कारखान्यात तयार करून जहाजानं नेले.

आपण तसं घर बांधावं असं मी म्हणत नाही. आपली हवा कोरडी, आपल्याला जाड भिंत हवी. त्यांची दमट, त्यांना वारा हवा. उत्तरं उलटी आहेत. प्रश्न मात्र एकच विचारला गेला : इथल्या हवेत, या माणसांच्या नात्यागोत्यांत, घरानं कसं वागावं?

तिथलंच दुसरं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. १९८० च्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात एक आदिवासी नेता, एक डॉक्टर आणि एक वास्तुविशारद असे काही जण मुलांच्या आजारांची कारणं शोधत होते. शोध औषधावर थांबला नाही, न्हाणीघराच्या नळापर्यंत गेला. पोराला अंघोळ घालता येते का, कपडे धुता येतात का, सांडपाणी निघून जातं का, अशी साधी यादी त्यांनी केली. सरकारी समज असा होता, की आदिवासींना घर वापरता येत नाही, ते मोडतोड करतात. हजारो घरं तपासल्यावर कळलं, की राहणाऱ्यांनी केलेली मोडतोड दहा टक्क्यांहून कमी. बाकीचं सगळं मुळातलं वाईट बांधकाम आणि न झालेली देखभाल. त्यांचा एक नियम मला फार आवडतो : दुरुस्तीशिवाय पाहणी नाही. तपासायला आलात तर हत्यारं घेऊन या आणि काहीतरी नीट करूनच जा. आपल्याकडं किती पाहणी पथकं आली आणि फोटो काढून गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे.

वसणं म्हणजे काय?

आता दोन मिनिटं माझ्या विषयाची. १९५१ साली जर्मनीत डार्मस्टाट इथं मार्टिन हायडेगर या तत्त्ववेत्त्यानं वास्तुविशारदांपुढं एक व्याख्यान दिलं. महायुद्धानं शहरं उद्ध्वस्त झाली होती, लाखो लोक बेघर होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आपण समजतो की आधी घर बांधायचं आणि मग त्यात राहायचं. खरं तर माणूस मुळात वसणारा प्राणी आहे, म्हणून तो बांधतो. कसं वसायचं हे विसरलो तर कितीही घरं बांधली तरी बेघरपण संपत नाही.

या माणसाचं राजकारण लाजिरवाणं होतं. तो नाझी पक्षात होता. तरी हा विचार घेण्यासारखा आहे. आणि आपल्याला तो परका नाही. आपली भाषाच तो सांगते. वस्ती, वसाहत, वास, निवास, वास्तू हे सगळे शब्द ‘वस्’ या एकाच धातूतून आले. वास्तू म्हणजे बांधकाम नव्हे, वसण्याची जागा. गंमत बघा, आज वास्तुशास्त्राच्या नावानं आपण संडास कुठल्या कोपऱ्यात यावर चार दिवस वाद घालतो आणि पश्चिमेची भिंत उघडी ठेवून संध्याकाळभर भाजून घेतो.

एक सावधगिरी मात्र हवी. संस्कृतीला धरून घर बांधा, गाव वसवा, असं म्हणताना कुणाची संस्कृती, हा प्रश्न विचारावाच लागेल. जुनं गाव जसंच्या तसं उभं करा म्हणाल, तर त्या गावात वेशीबाहेरची वस्तीही होती, तिचं पाणी वेगळं होतं. बाबासाहेबांनी दलितांना खेडं सोडा म्हणून सांगितलं ते उगाच नव्हे. आणि नव्या गावांत जमिनीच्या मापानं घरं वाटली, तेव्हा लहान घरांची ओळ ही आपोआप भूमिहीनांची, म्हणजे बहुतेक दलितांची ओळ झाली. चौकटीच्या वहीनं जात पुसली नाही. तिला चौरस फुटांत मांडलं. म्हणून परंपरेतून घ्यायचं ते हवेचं, मातीचं, अंगणाचं शहाणपण. वेस घ्यायची नाही.

आज काय करायचं?

हे सगळं जुनं उगाळण्याचं कारण समोर आहे. आज आपल्या गावागावांत प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुलं होत आहेत. क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. भूकंपानंतर भूमिहीनाला मिळालेल्या घराएवढंच जवळपास. पण एक मोठा फरक आहे : हे घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही, असा योजनेचा नियम आहे. १९९३ नंतरच्या दुसऱ्या वाटेवर आपण पुन्हा उभे आहोत. निर्णय आपल्या हातात आहे, आणि आपण तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या घराकडं बघून घेतो.

सहा साध्या गोष्टी सांगतो. एक, काळी माती असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. तिथं पैसा वाचवू नका. दोन, जोत्यावर आणि दार-खिडकीच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा लोखंड-सिमेंटचा पट्टा घाला. तीन, जुन्या घराचा दगड टाकून देऊ नका. सिमेंटात रचा, भिंत दीड फुटांहून जाड करू नका, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड घाला. चार, घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवा आणि पश्चिमेला पडवी किंवा लिंब असू द्या. पाच, स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करा आणि उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारा. खर्च थोडा, फरक अंगाला कळतो. सहा, जागा थोडी असली तरी अंगणाला आधी जागा राखा, मग खोल्या आखा. आणि आखणी करताना घरातल्या बायकांना विचारा. चूल कुठं, न्हाणी कुठं, दार कुठं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एकदा विचारलं नाही, किंबहुना सांगितलेलं ऐकलं नाही. त्याची किंमत मी दिली नाही, आईनं दिली.

इथंच थांबतो. 

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न (एक तरुण अभियंता) : सर, म्हणजे पुन्हा दगड-मातीची घरं बांधा असं तुमचं म्हणणं आहे का? लोक तयार होणार नाहीत.*

नाही. ज्यांच्या घरातली माणसं त्या भिंतींखाली गेली, त्यांना मातीच्या भिंतीत झोपा म्हणण्याचा अधिकार मला नाही. भीतीही खरी असते. तिचा मान राखला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की जाडपणा, सावली, अंगण यांतलं काहीही सिमेंटच्या विरोधात नाही. तुम्ही अभियंते आहात. सिमेंटच्या पट्ट्यात बांधलेली, उन्हाळ्यात गार राहणारी, २७० चौरस फुटांची दोन-तीन घरं आपल्या तालुक्यात उभी करून दाखवा. लोक भाषण ऐकून तयार होत नाहीत, शेजारच्या घरात दुपारी बसून तयार होतात.

*प्रश्न (एक श्रोत्या) : आमची जागाच वीस बाय वीसची आहे. अंगणाला कुठून जागा काढू?*

ताई, जिना बाहेरून काढा आणि छताला कठडा करा. माळवद आपलं वरचं अंगणच होतं. पापड, कुरडया, सांडगे तिथंच वाळायचे, मिरच्या वाळायच्या, रात्री पोरं झोपायची. खाली दारापुढं चार फूट तरी सोडा, चुलीवर थेट नजर पडणार नाही असं दार थोडं बाजूला घ्या. आणि गवंडी ‘असं कुणी करत नाही’ म्हणाला, तर त्याला म्हणा, आमच्या आजीच्या घरात असंच होतं.